मुद्दाम मऊ ठेवलेले बिस्किट

आपल्याकडे बिस्किट ‘मऊ पडले’ म्हणजे ते वाया गेले. पावसाळ्यात डब्याचे झाकण नीट लागले नाही, की दुसऱ्या दिवशी घरात कोणीतरी म्हणतेच, ‘बिस्किटं मऊ पडली!’ मग कोणी ती कढईत गरम करून पुन्हा कुरकुरीत करण्याच्या खटपटीला लागते. कोरड्या खाऊची परीक्षा आपण दातांखालच्या आवाजावर करतो. चकली कुरकुरीत हवी, शंकरपाळी खुसखुशीत हवी, नानकटाई तोंडात टाकताच विरघळायला हवी. यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पण कडेला किंचित करकरीत, आत मऊ आणि तरीही दातांना थोडे काम देणारा असा जो पदार्थ असतो, त्याला आपल्याकडे धड शब्द नाही. ‘चिवट’ म्हणावे तर ती तक्रार होते.

अशीच एक मऊ आणि जरा चावून खायची चॉकलेट चिप कुकी घरी कशी करायची, हे आज सांगणार आहे. मी अनेक वर्षे महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवले. तरीही ही कुकी मला निवृत्त झाल्यावर शिकावी लागली, आणि ती शिकण्याचे कारण माझे वडील.

आम्ही त्यांना नाना म्हणत असू. नाना नानकटाईचे भक्त. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी ते तूप, साखर, मैदा, रवा पिशवीत घालून गल्लीच्या टोकावरच्या बेकरीत जायचे आणि भट्टीतून निघालेली नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणायचे. ऐंशीच्या पुढे त्यांचे सगळे दात गेले. कवळी टोचते म्हणून ते ती लावत नसत. चहात बुडवलेले बिस्किट दोन-तीनदा कपात पडले, एकदा पाहुण्यांसमोर सदऱ्यावर पडले. त्यानंतर ते चारच्या चहाला आमच्यात बसेनासे झाले. ‘मला नंतर दे,’ म्हणायचे आणि आपला कप खोलीत घेऊन जायचे.

एका मे महिन्यात माझी भाची न्यू जर्सीहून आली. तिने आणलेल्या खाऊत मऊ कुकीजचा डबा होता. नानांनी एक तुकडा हिरड्यांनीच चावला, बराच वेळ घोळवला आणि म्हणाले, ‘ही बोळकं झालेल्या माणसासाठी केलेली दिसते.’ मग त्यांनी आणखी एक मागितली. डबा आठवड्यात संपला. मी म्हटले, ‘त्यात काय, मी करते.’ आणि पुढचे तीन घाणे मी दगड भाजले!

चूक माझ्या हातात नव्हती, डोक्यात होती. बिस्किट म्हणजे पूर्ण वाळलेले, हे मी स्वतः शिकले होते आणि शेकडो मुलींना शिकवले होते. मऊ कुकीत नेमके उलटे करायचे असते. पिठातले सगळे पाणी घालवायचे नसते. थोडे राखायचे असते. बाकीची सगळी युक्ती ते पाणी कसे राखायचे, याचीच.

आधी या कुकीचे कूळ पाहू. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात व्हिटमन नावाचे गाव आहे. तिथे रूथ वेकफील्ड आणि त्यांचे पती केनेथ यांनी १९३० साली ‘टोल हाउस इन’ नावाचे भोजनगृह सुरू केले. चॉकलेटचे तुकडे पिठात विरघळतील असे बाईंना वाटले, ते विरघळले नाहीत आणि अपघाताने ही कुकी जन्माला आली, अशी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. मला ती कधीच पटली नाही. रूथबाईंनी १९२४ साली फ्रेमिंगहॅम इथे गृहविज्ञानाचे रीतसर शिक्षण पूर्ण केले होते. पदार्थ मोजूनमापून करणारी ही बाई. गरम पिठात चॉकलेटचे काय होते, हे तिला ठाऊक नसेल, असे मानणे अवघड आहे. तिच्या पुस्तकाच्या १९३८च्या आवृत्तीत ही कृती आली आणि १९३९ पासून नेस्ले कंपनी ती आपल्या चॉकलेटच्या वेष्टनावर छापू लागली. त्या भोजनगृहाची इमारत १९८४च्या अखेरच्या रात्री आगीत गेली, पण कुकी टिकली. १९९७ साली मॅसॅच्युसेट्सने तिला राज्याची अधिकृत कुकी ठरवले.

यात माझ्या उपयोगाची गोष्ट वेगळीच होती. रूथबाईंनी कुकीला दिलेले मूळ नाव होते ‘टोल हाउस चॉकलेट क्रंच कुकी’. म्हणजे मूळ कुकी लहान आणि कुरकुरीत! मऊ कुकी ही नंतरच्या लोकांची आवड. तेच लोणी, तीच साखर, तीच अंडी आणि तोच मैदा. प्रमाण, आकार आणि वेळ बदलली, की कुरकुरीतची मऊ होते. म्हणून कृती पाठ करण्यापेक्षा कोणता जिन्नस काय काम करतो, हे समजून घेतलेले बरे.

पहिला मान साखरेचा. साखर फक्त गोडीसाठी असते, हा आपला गैरसमज. संक्रांतीचे लाडू आठवा. गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकला आणि त्याची मऊ गोळी झाली, की तो पाक मऊ वडीचा. तोच पाक आणखी दोन-तीन मिनिटे चुलीवर राहिला, तर थेंब पाण्यात टणक होतो आणि असा लाडू बत्त्याने फोडावा लागतो. दोन्ही पाकांत गूळ तोच असतो. फरक आत उरलेल्या पाण्याचा. कुकीच्या आतही ओव्हनमध्ये हाच पाक होत असतो. लोण्यातल्या आणि अंड्यातल्या पाण्यात साखर विरघळते. त्यातले पाणी शिल्लक असताना कुकी बाहेर काढली, तर पाक दाट आणि मऊ राहतो. सगळे पाणी उडाले, तर निवल्यावर त्याची काच होते.

साखर कोणती, यालाही महत्त्व आहे. नुसत्या पांढऱ्या साखरेची कुकी कडक होते, कारण निवताना ही साखर पुन्हा खडे धरू पाहते. ब्राउन शुगरमध्ये उसाच्या मळीचा अंश असतो. मळीतल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या शर्करा साखरेला खडे धरू देत नाहीत, आणि हवेतला ओलावाही धरून ठेवतात. ब्राउन शुगर मिळाली नाही तर अडून बसू नका. १०० ग्रॅम साखरेत दोन चहाचे चमचे काकवी घालून बोटांनी चोळा. ओल्या वाळूसारखी साखर तयार होते. काकवीत या दोन्ही शर्करा असतात, म्हणून काम भागते. शिवाय तिचा खमंग वास चॉकलेटला फार छान जुळतो. पाकात लिंबाचे दोन थेंब पिळण्याची आपली जुनी रीतही साखर खडे धरू नये म्हणूनच आहे. शास्त्र एकच, फक्त स्वयंपाकघर वेगळे.

दुसरा जिन्नस लोणी. नानकटाईत आपण तूप फेसतो. तुपात पाणी जवळजवळ नसते. ते मैद्याच्या कणाकणाला लपेटून बसते आणि मैद्यातला चिकटपणा जागा होऊ देत नाही, म्हणून नानकटाई भुसभुशीत होते. बाजारातल्या पिवळ्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि सुमारे १६ टक्के पाणी असते. लोणी वितळवून घातले, की हे पाणी मैद्याला मिळते, मैद्यातली प्रथिने एकमेकांत गुंततात आणि कुकीला तो हवाहवासा चावा येतो. लोणी न वितळवता साखरेबरोबर खूप फेसले, तर त्यात हवा भरते आणि कुकी केकसारखी फुगते. माझा पहिला घाणा तुपातला होता. सवयच ती! ती कुकी नव्हतीच; चॉकलेट घातलेली नानकटाई होती, आणि तीही जास्त भाजलेली.

घरी घुसळलेले लोणी चालेल का, असे अनेकजणी विचारतात. चालते, पण त्यात ताकाचा अंश किती, हे सांगता येत नाही. ते थंड पाण्याने दोन-तीनदा धुऊन, दाबून पाणी काढून घ्या. बाजारातले लोणी बहुधा खारट असते, तेव्हा वरून मीठ घालू नका.

तिसरे अंडे. अंड्यातला पांढरा बलक कुकीला उभे राहायला मदत करतो, पण कोरडेपणाही आणतो. पिवळ्या बलकात स्निग्धांश असतो आणि पाणी व लोणी यांना एकत्र बांधून ठेवण्याचा गुणही असतो. आणखी मऊ कुकी हवी असेल, तर एका अंड्यासोबत एक जादा पिवळा बलक घालून पाहा.

अंडे चालत नसलेल्या घरांसाठी आपल्याकडचे जवस उपयोगी पडते. एक मोठा चमचा भाजलेल्या जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून पंधरा मिनिटे ठेवा. ती बुळबुळीत होते आणि एका अंड्याचे काम बऱ्यापैकी करते. जवसाचे बारीक ठिपके दिसतात आणि किंचित वास येतो, एवढे मान्य असावे.

मैद्याबद्दल एकच सांगते: वाटीने मोजू नका. वाटी डब्यात दाबून भरली आणि चमच्याने हलक्या हाताने भरली, तर मैद्यात वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. तेवढा मैदा जास्त झाला, की तो सगळे पाणी पिऊन बसतो आणि कुकी कोरडी पडते. स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा घेतलात, तर निम्मी अपयशे तिथेच टळतील.

आता पीठ मुरवणे. अनारसे करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तांदूळ आणि गुळाचे पीठ काही दिवस मुरल्याशिवाय अनारशाला चव येत नाही. आणि गूळ जास्त झाला, की अनारसा तुपात ‘हसतो’, म्हणजे पसरून विरतो. कुकीही अशीच हसते. पीठ गरम असेल, साखर-लोणी जास्त असेल, तर गोळा ओव्हनमध्ये घट्ट होण्याआधीच लोणी वितळते आणि ट्रेवर पापड पसरतो. पीठ फ्रीजमध्ये ठेवल्याने लोणी घट्ट होते, म्हणून कुकी कमी पसरते. मैद्याला पाणी सावकाश शोषून घ्यायला वेळ मिळतो आणि चवही गडद होते. टोल हाउसमध्येही पीठ रात्रभर थंड ठेवत. न्यूयॉर्क टाइम्सने २००८ साली या कुकीवर एक मोठा लेख छापला होता, त्यात पीठ ३६ तास मुरवायची शिफारस होती. घरी रात्रभर पुरे. अगदीच घाई असेल तर दोन तास तरी द्या.

कागद-पेन्सिल घेतली असेल, तर आता प्रमाण लिहून घ्या. बारा कुकीजसाठी लोणी १०० ग्रॅम, ब्राउन शुगर किंवा काकवी चोळलेली साखर १०० ग्रॅम, पांढरी साखर ५० ग्रॅम, एक अंडे, व्हॅनिला इसेन्स एक चहाचा चमचा, मैदा १६५ ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा, आणि चॉकलेट १२० ग्रॅम. पिवळा बलक जादा घातलात, तर मैदा एक मोठा चमचा वाढवा.

चॉकलेटच्या वेष्टनावरचे जिन्नस वाचून घ्या. त्यात कोको बटर असेल, तर ते खरे चॉकलेट. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेच्या थोडे खाली, वितळते. म्हणून ते जिभेवर विरघळते. कोको बटरऐवजी दुसरे वनस्पती तेल घातलेले चॉकलेट स्वस्त पडते आणि उन्हाळ्यात हाताळायला सोपे असते, पण तोंडात मेणासारखे लागते. मी तयार चिप्सपेक्षा चांगल्या चॉकलेटची वडी सुरीने जाडसर चिरते. नानांसाठी तर लहान तुकडेच हवे होते.

लोणी मंद आचेवर फक्त वितळवा, कढवू नका. कढवले की पाणी उडाले. कोमट झाल्यावर त्यात दोन्ही साखरा घालून एक-दोन मिनिटे हलवा. मग अंडे आणि इसेन्स घालून मिश्रण दाट आणि चकचकीत होईपर्यंत फेटा. मैदा आणि सोडा एकत्र चाळून त्यात घाला आणि कोरडे पीठ दिसेनासे होताच हात थांबवा. कणकेसारखे मळायचे नाही. शेवटी चॉकलेट मिसळा. पीठ सैल वाटेल. घाबरून मैदा वाढवू नका, फ्रीज त्याचे काम करतो. भांडे झाकून रात्रभर ठेवा. एक सूचना गंभीरपणे ऐका: मुलांना हे कच्चे पीठ चाटू देऊ नका. कच्च्या अंड्याइतकेच कच्च्या मैद्यातूनही रोगजंतू पोटात जाऊ शकतात.

दुसऱ्या दिवशी लिंबाहून थोडे मोठे, साधारण ४५ ते ५० ग्रॅमचे बारा गोळे करा. आकार फार महत्त्वाचा आहे. लहान गोळा मध्यापर्यंत लगेच वाळतो. मोठ्या गोळ्याची कड भाजली जाते तेव्हा मधला भाग ओलसर असतो. बटर पेपर घातलेल्या ट्रेवर गोळे तीन बोटांच्या अंतराने ठेवा. दाबू नका. ओव्हन १८० अंशांवर आधी पंधरा मिनिटे तापवा आणि मग ट्रे आत ठेवा.

इथून पुढचा सगळा प्रश्न धीराचा. नवव्या मिनिटापासून ओव्हनसमोर उभे राहा. बहुतेक ओव्हनमध्ये १० ते १२ मिनिटे लागतात. कड सोनेरी झालेली, वरची चमक गेलेली, पण मधला भाग अजून फिकट, फुगीर आणि कच्चा वाटणारा. हीच ती वेळ. कुकी बोटाने उचलायला गेलात तर मोडेल. मन म्हणेल, ‘दोनच मिनिटं अजून.’ मनाचे ऐकू नका, ट्रे बाहेर काढा आणि दहा मिनिटे कुकीला हात लावू नका. गॅस बंद केल्यावर भाताला झाकणाखाली वाफ मुरवतो, तसेच हे आहे. गरम ट्रेवर कुकी शिजतच राहते, मधला फुगवटा खाली बसतो आणि पाक घट्ट होऊ लागतो. मग ती उलथन्याने उचलून जाळीवर ठेवायची. मध्यावर अगदी पातळ, चकाकणारे ओले पीठ दिसत असेल, तर मात्र ती खरोखर कच्ची आहे. मिनिटभर अजून ठेवा.

हे मी सांगते आहे खरे, पण याच जागी माझा दुसरा आणि तिसरा घाणा फसला. बारा मिनिटांनी दार उघडायचे, मधे बोट लावायचे, ‘छे, कच्चं आहे,’ म्हणायचे आणि दार लावून टाकायचे. सोळाव्या मिनिटाला सगळे व्यवस्थित दिसायचे आणि निवल्यावर कुकी टेबलावर वाजायची. नाना म्हणाले, ‘हे तुम्ही दातवाल्यांनी खा.’

त्या संध्याकाळी मला एक विद्यार्थिनी आठवली. फार वर्षांपूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेत तिने अशाच कुकीज केल्या होत्या. मी एक मोडून पाहिली. आत ओलसर. मी वहीत ‘मध्ये कच्चे’ असा शेरा मारला आणि गुण कापले. ती हळूच म्हणाली होती, ‘मॅडम, थंड झाल्यावर बघाल का?’ मला पुढच्या टेबलावर जायचे होते. मी थांबले नाही. तिची चूक नव्हती, वाट पाहण्याचा धीर माझ्याकडे नव्हता. ते गुण आता वाढवता येत नाहीत. पण चौथ्या घाण्याला मी अकराव्या मिनिटाला डोळे मिटून ट्रे बाहेर काढला आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे थंड होईपर्यंत थांबले. कुकी मऊ झाली.

प्रत्येक घरातला ओव्हन वेगळा असतो. लहान ओव्हनवरचा आकडा आणि आतली उष्णता यांत वीस अंशांची तफावत सहज निघते. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा उष्णतामापक मिळतो, तो घ्या. नाहीतर पहिल्यांदा एकच कुकी भाजून आपल्या ओव्हनची वेळ ठरवा. पंख्याच्या ओव्हनमध्ये गरम वारा खेळतो आणि कुकी लवकर वाळते. तिथे उष्णता पंधरा-वीस अंशांनी कमी ठेवा. काळा ट्रे तळ लवकर करपवतो. आणि एक घाणा निघाल्यावर त्याच गरम ट्रेवर दुसरे गोळे ठेवू नका. लोणी लगेच वितळून कुकी हसते.

ओव्हन नसेल, तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर घालून त्यावर जाळी ठेवतात आणि झाकण घालून पंधरा मिनिटे तापवून घेतात; मग छोट्या ताटलीत तीन-चार गोळे भाजता येतात. वेळ जास्त लागतो आणि वरून रंग कमी येतो. कढईत वेळेपेक्षा कडेवर लक्ष ठेवा. कड घट्ट झाली की काढा.

बिघडलेल्या घाण्यातूनही शिकायला मिळते. कुकी पापडासारखी पसरली, तर पीठ पुरेसे थंड नव्हते किंवा मैदा कमी पडला. उरलेल्या पिठात एक मोठा चमचा मैदा मिसळून पाहा. गोळा तसाच उभा राहिला, तर मैदा जास्त झाला. केकसारखी फुगली, तर लोणी फेसले गेले किंवा सोड्याऐवजी बेकिंग पावडर पडली. कडू-साबणासारखी चव आली, तर सोडा जास्त. आणि चव उत्तम पण कडक, तर दोष फक्त घड्याळाचा.

कुकीज पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डब्यात पावाची एक स्लाइस ठेवली, की पावातला ओलावा कुकीजकडे जातो. दुसऱ्या दिवशी पाव वाळतो आणि कुकी मऊ राहते. तीन-चार दिवस त्या चांगल्या राहतात. एका वेळी सगळ्या भाजायलाच हव्यात, असेही नाही. कच्चे गोळे डीप फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. हवे तेवढे काढून थेट भाजा, फक्त एक-दोन मिनिटे जास्त द्या.

आणखी एक सांगायला हवे. या प्रमाणात एका कुकीत साडेबारा ग्रॅम साखर जाते, म्हणजे सुमारे तीन चहाचे चमचे, चॉकलेटमधली वेगळी. मधुमेह असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. साखर निम्मी करून पाहू नका; तिच्यासोबत मऊपणाही जातो. त्यापेक्षा अर्धी कुकी खाल्लेली बरी. नानांना साखरेचा त्रास नव्हता, तरी मी त्यांना दिवसाला एकच देत असे. दुसरी ते नातवाच्या बशीतून उचलत, हे मला ठाऊक होते.

चौथ्या घाण्याच्या कुकीज मी बशीत घालून टेबलावर ठेवल्या आणि नानांना हाक मारली. ते खोलीतून आपला कप घेऊन आले. कुकी कपात न बुडवता त्यांनी तिचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिले. ‘मऊ पडलीय,’ ते म्हणाले. ‘अशीच पाडत जा.’ मग खुर्ची ओढून ते आमच्यात बसले. त्यानंतर चारचा चहा ते बाहेरच घेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)